केशरी कार्डावरची अमेरिकावाली

जय भीम

मु. दरेकसा, रेल्वे स्टेशनच्या मागे
दि. ११ डिसेंबर २०१२

चि. सौ. स्नेहल हिला आणि आमचे जावई योगराजजी यांना मनिराम मामाचा सप्रेम जय भीम आणि पोटभर आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुमची खुशाली कळवावी, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं म्हणजे इकडे एकटी तुझी आई खुशाल आहे, बाकीच्यांना तिनं कामाला लावलं आहे. तुझ्या मामीचे गुडघे थंडी पडल्यापासून बोलतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त मामी बोलते. माझा उजवा खांदा तसाच आहे. (अडतीस वर्षं पॉइंट्समन म्हणून झेंडी दाखवली. रिटायर होऊन चौथं वर्ष चालू आहे, तरी मालगाडीची शिटी ऐकली की हात आपोआप वर जातो. परवा जेवताना गेला, हातात वरणाची वाटी होती. मामीनं तीन दिवस वरण केलं नाही.) तुमच्याकडे बर्फ पडला असेल. जावयांना कान बांधून बाहेर जायला सांग. कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाचे कान नाजूक असतात, असा माझा अंदाज आहे.

तू म्हणशील, मामाला फोन करायला काय झालं? तर फोनवर तुझी आई माझ्या बाजूला उभी राहते आणि माझं अर्धं वाक्य झालं की उरलेलं अर्धं ती बोलते. शिवाय दरेकशात मोबाईलची रेंज फक्त प्लॅटफॉर्मच्या डोंगरगडकडच्या टोकाला मिळते. तिथं उभं राहून जे बोलावं ते पॅसेंजरमधले लोक खिडकीतून ऐकतात, आणि दुसऱ्या दिवशी गाडी थांबली की अनोळखी माणसं मला विचारतात, काका, भाचीचं कार्ड झालं का? आता तर गार्डसुद्धा विचारतो. मी त्याला म्हटलं, तू तुझा डबा सांभाळ.

तर या सगळ्या महाभारताची सुरुवात तूच केली. (महाभारत म्हटलं म्हणून रागावू नको, जिभेला जुनी सवय आहे.) धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू तुझ्या आईला फोन केलास. सर्दी झाली म्हणून आवाज भरला आहे असं तू म्हणालीस, आणि आम्ही ते मानलं. तू सांगितलंस की योगराजजींचा ग्रीन कार्डाचा अर्ज जून २०१० चा आहे. तिकडच्या ऑफिसात नंबर मे २०१० च्या अर्जांपर्यंत येऊन पोहोचला होता. आता आपलीच पाळी म्हणून तू मिठाई पण केलीस. आणि मग नंबर पुढे जायचं सोडून मागे गेला, तो थेट सप्टेंबर २००४ ला जाऊन बसला. बाई, २००४ मध्ये तुझं लग्न तर सोड, तुला बघायला पाहुणेही आले नव्हते. मी रेल्वेचा माणूस आहे, मला उशीर समजतो. गाडी आउटरला चार तास उभी राहिलेली मी पाहिली आहे. लूप लाइनीत मालगाडी दोन दिवस विसरलेली पाहिली आहे (ती कोणी विसरली हे इथं लिहिण्याचं कारण नाही). पण आउटरपर्यंत आलेली गाडी उलटी फिरवून आठ स्टेशनं मागे नेऊन उभी केली, असं अडतीस वर्षांत एकदाही झालं नाही. झालं असतं तर आमच्याकडे कोणीतरी सस्पेंड झालं असतं.

पण हे सगळं मला समजलं. तुझ्या आईला एवढंच समजलं की पोरीचं कार्ड झालं नाही आणि अजून दहा वर्षं होणार नाही. आता तुझ्या आईच्या आयुष्यात कार्ड एकच. जे घेऊन नंदलालच्या कंट्रोलच्या दुकानात जायचं आणि गहू-तांदूळ, मातीचं तेल (तुमचं शहरातलं रॉकेल) आणायचं, ते. आपल्याकडे पिवळं असतं, केशरी असतं, पांढरं असतं. अमेरिकेत हिरवं असतं. यात तिला काहीच नवल वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ती पिपरटोल्याहून सालेकशाला येऊन सकाळच्या पॅसेंजरनं इकडे आली, डोक्यावर लुचई तांदळाचं पोतं. उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "सहा वर्षं झाली, पोरीले कार्ड नाई. खाते काय मंग थे? अन् तू मामा म्हून कायले बसला हायेस?"

मी तिला बसवलं, चहा दिला, आणि समजावून सांगितलं की ते कार्ड धान्याचं नसते, तिथं कायमचं राहायच्या परवानगीचं असते. तर म्हणाली, म्हणजे सहा वर्षांपासून पोरगी बिनापरवानगीची राहून राहिली का? मी म्हटलं, नाही, परवानगी आहे, पण योगराजजींच्या नोकरीच्या शेपटाला बांधलेली. नवऱ्यासोबत गेलेल्या बायकोला तिथं कामाची बंदी, शिकायची मुभा. म्हणून आपली स्नेहल पहिली दोन वर्षं घरात बसली, मग कंटाळून कॉलेजात गेली, पास झाली, आणि आता पुन्हा गेली. तुझ्या आईनं पोतं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, ते राहू दे, पार्सल कर. पोस्टात गेलो. फॉर्मवर एक रकाना होता, वस्तू पाठविण्याचे कारण. तुझ्या आईनं सांगितलं तसं मी लिहिलं: कार्ड नाही म्हणून. पोस्टमास्तरांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि पोतं परत दिलं. (तो तांदूळ आम्ही खाल्ला. चांगला होता.)

तुझ्या कॉलेजाचं पण इकडे वेगळंच झालं आहे. तू तिकडे बत्तीस वर्षांची होऊन बॅग खांद्याला लावून वर्गात जातेस आणि पहिल्याच दिवशी एका पोरानं तुला मॅडम समजून उशिरा आल्याची माफी मागितली, हे तू मला हसत सांगितलंस. मी तुझ्या आईला हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, पालकसभेला कोण जाते? जावई जातात का? गावात तर कंट्रोलवाल्या नंदलालनं चार माणसांत मला विचारलं, "पोरगी सारखी नापास होऊन राहिली का गा मनिरामभाऊ?" मी म्हटलं, नापास कशाची, ती पास होते आणि पुन्हा बसते. तो म्हणाला, "पास झाल्यावर पुन्हा काऊन बसते?" आता या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर असेल तर पुढच्या फोनात सांग, माझ्याकडे नव्हतं. मी त्याचं वजनमाप तपासायचं आहे असं म्हणून विषय बदलला. तुझ्या आईनं मात्र प्लॅटफॉर्मवर बसून मला एक दिवस सुनावलं की बाबासाहेब बोटीनं गेले, तीन वर्षांत तिकडचं एवढं शिकून वापस आले. आपली विमानानं गेली, सहा वर्षं झाली, अजून दप्तरच आवरून राहिली. त्यांच्यासमोर आपल्यातला कोण टिकला आहे?

हे सगळं गप्पांवर मिटलं असतं. पण नोव्हेंबरात पिपरटोल्यात कोतवालानं दवंडी दिली की रेशन कार्डांची पडताळणी आहे. कार्डावर ज्याचं ज्याचं नाव आहे त्यानं हजर राहावं, नाहीतर नाव कमी होईल. तुझ्या आईच्या केशरी कार्डावर आता दोनच नावं आहेत, एक तिचं आणि एक तुझं. (तुझे बाबा, हिरालालभाऊजी, वारले तेव्हा त्यांचं नाव आठ दिवसांत कापून गेलं. मेलेल्याच्या बाबतीत सरकार फार तत्पर असते.) तुझं नाव खरं म्हणजे लग्न झालं तेव्हाच कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचं होतं. पण सासर नागपूरला, आणि नवरा-बायको विमानात. तेव्हा कोणी कापलं नाही, कोणी चढवलं नाही. नंदलाल म्हणाला, आता कापून टाका मावशी, एवढंच होईल की तुम्हाला महिन्याला एक लिटर मातीचं तेल कमी मिळेल. तुझी आई त्याच्यावर अशी भडकली की दुकानातल्या मांजरानं जागा सोडली. तिचं म्हणणं, "इथून कापलं अन् तिथं चढलं नाई, तं माही पोरगी कोन्या कार्डावर? जगातल्या कोन्याच कार्डावर नाई?"

मी हसलो. मग घरी येऊन विचार केला, तर म्हातारी बरोबर बोलून गेली होती.

म्हणून आम्ही दोघं तालुक्याला गेलो. पुरवठ्याच्या टेबलावर उदारामबाबू नावाचे एक गृहस्थ आहेत. चेहरा असा की आत्ताच कोणीतरी झापून गेलं आहे. (नंतर कळलं, खरंच झापलं होतं. त्यांच्या टेबलावर एक अर्ज सात महिने पडून होता, म्हणून साहेब आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले होते.) उदारामबाबूंनी कार्ड उघडलं, तुझ्या नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कुठं आहे? मी म्हटलं, अमेरिकेत. ते म्हणाले, मग तिथलं कार्ड झालं असेल, त्याचा दाखला आणा, इथून कमी करतो. मी म्हटलं, तिथलं कार्ड व्हायचं आहे अजून. ते म्हणाले, अर्ज कधी केला? मी म्हटलं, अडीच वर्षं झाली. उदारामबाबूंचा पेन थांबला. म्हणाले, अडीच वर्षं? मी म्हटलं, हो, आणि अजून दहा लागतील असं म्हणतात. ते उठून उभे राहिले. त्यांनी पलीकडच्या टेबलावरचे दोन बाबू बोलावले, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, काका, यांना पुन्हा सांगा.

स्नेहल, मी आयुष्यात भाषण कधी केलं नाही, पण त्या दिवशी केलं. अर्ज, नंबर, मे २०१०, तुझी मिठाई, आणि नंबर मागे जाऊन २००४ ला बसला, सगळं सांगितलं. मिठाईपाशी एका बाबूनं च्यक् च्यक् केलं. नंबर मागे गेल्याचं ऐकून उदारामबाबूंच्या तोंडावर जे तेज आलं ते मी लग्नातल्या नवरदेवाच्या तोंडावर पण पाहिलं नाही. म्हणाले, "आमच्या इथं अर्ज हरवते काका, पण मागं नाई जात." चहा आला. दुसरा चहा आला. एकानं विचारलं, तिथं वशिला चालत नाही का? मी म्हटलं, चालत असता तर मी तुमच्याकडे आलो असतो का? मग त्यांनी कार्डाचा रंग विचारला. हिरवा म्हटल्यावर तिघांत चर्चा झाली की हिरवा रंग आपल्या योजनेत बसत नाही, तेव्हा ते कार्ड आपल्या कार्डाला आड येत नाही. उदारामबाबूंनी मग फॉर्म घेतला आणि स्वतःच्या हातानं भरायला बसले. कार्डधारक बाहेरगावी असल्यास कारण: नोकरी, शिक्षण, इतर. नोकरी? मी म्हटलं, बंदी आहे. शिक्षण? तर तुझी आई, जी दोन तास तोंड मिटून बसली होती, एकदम ठसक्यात म्हणाली, "एम.एस्सी. धरून तिसरी डिग्री चालू हाये!"

ज्या तिसऱ्या डिग्रीवरून तिनं सहा महिने माझं डोकं खाल्लं, तीच आता कामाला आली. उदारामबाबूंनी शिक्षण या शब्दावर बरोबरची खूण केली. बाहेरगावी शिकणाऱ्याचं नाव घरच्या कार्डावरून कमी होत नाही, असं ते म्हणाले. तू लग्न झालेली आहेस हे त्यांना माहीत आहे, पण तसा रकाना फॉर्मवर नाही, आणि जो रकाना नाही तो प्रश्न सरकारला नसतो. निघताना त्यांनी तुझ्या आईला विचारलं, "एका लिटरसाठी कायले एवढं, आजी?" ती म्हणाली, "तेल माहं नाई. पोरीचं हाये."

तर असं आहे. आता काम मार्गी लागलं आहे, तू अजिबात काळजी करू नको. तू मागे फोनवर म्हणाली होतीस की एकदा देशाबाहेर निघालं तर परत जाताना मुंबईला अमेरिकेच्या वकिलातीत व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि घरात हिरव्या कार्डाचा अर्ज पडला असेल तर तिथला साहेब तुझ्यासारख्या विद्यार्थी-व्हिसावाल्याला विचारतो, तुम्ही शिकून परत जाणार की तिथंच राहणार? उत्तर चुकलं की शिक्का नाही. हाच प्रश्न तुझी आई सहा वर्षांपासून मला विचारून राहिली आहे, तोही शिक्का न देता. तेव्हा यायची घाई करू नको, आरामात शीक, जावयांना एकटं पाडू नको. तुझी आई ठणठणीत आहे, डोळ्यांनी जरा कमी दिसते, पण मी कुठं चुकलो ते तिला अजून लांबून दिसते. मामीचा आशीर्वाद. योगराजजींना सांग, कान बांधा.

तुझा,
मनिराम मामा

ता. क. एक लिहायचं राहिलं. उदारामबाबूंच्या फाईलला तुझ्या कॉलेजचं बोनाफाईड लागते. विद्यार्थिनी आहे, वर्तणूक चांगली आहे, एवढं लिहिलेलं पुरे. इंग्रजीत चालेल, पण शिक्का गोल हवा आणि शाई निळी. तिकडे चौकोनी शिक्के असतील तर प्राचार्यांना माझं नाव सांगून गोल मारायला लाव.

ता. क. २. तुझी आई आत्ता समोर बसून वालाच्या शेंगा सोलते आहे आणि मी काय लिहितो ते विचारते आहे. तिनं सांगितलं आहे म्हणून जसंच्या तसं लिहितो: "बोनाफाईड पोस्टानं नोको पाठवू म्हणा. पोस्टवाला तांदूळ वापस करते, त्याचा काय भरोसा? हातानं आन म्हणा."

ता. क. ३. आई दुपारच्या पॅसेंजरनं गेली. हे आता मागच्या बाजूला लिहितो, तिच्यासमोर फोनवर काढू नको. उदारामबाबूंनी बोनाफाईड मागितलंच नाही. तुझ्या शाळेपासून स्कॉलरशिपसाठी दरवर्षी तिनं बोनाफाईड आणलं, तेवढाच एक कागद तिला नावानं माहीत आहे. परतीच्या गाडीत तिनंच काढला आणि मला म्हणाली, लागते म्हणून लिही. सहा वर्षांत तिनं तुला एकदाही 'ये' म्हटलं नाही, तू बघ आठवून. म्हणून मी पण लागते म्हणून लिहिलं.

फॉर्मवर एकच रकाना रिकामा ठेवता येत नव्हता: परत येण्याचा दिनांक. उदारामबाबूंनी विचारलं तेव्हा मी वर पंख्याकडे पाहिलं. तुझी आई म्हणाली, "बुद्धपौर्णिमेले." त्यांनी भिंतीवर पुढच्या वर्षाचं नवं कॅलेंडर होतं ते पाहून शाईनं लिहिलं: २५ मे २०१३. खाली साहेबांची सही झाली. तिकडची तारीख मागे-पुढे जाते, ही जात नाही, मी विचारून घेतलं.

मुंबईचा शिक्का मिळणार नाही ही तुझी भीती खोटी नाही, मला समजते. जावयांशी नीट बोलून काय ते ठरव. पण एक सांगतो. परवा मी पिपरटोल्याला गेलो तर तिच्या खाटेखाली मातीच्या तेलानं भरलेल्या, झाकण लावलेल्या डबक्या दिसल्या, एकीला एक लागून, भिंतीपर्यंत. घरात लाईट आहे, चूल लाकडावर पेटते. मी म्हटलं, बाई, हे काय? तर म्हणाली, स्नेहलच्या वाट्याचं हाये, मी कायले जाळू? सहा वर्षांचं तेल आहे, स्नेहल. तुझी आई रोज त्याच्यावर झोपते आणि कडेला बसून विडी ओढते. ते संपवायला तरी ये.